रेणू न मोडता

नवा पदार्थ हाती आला की रसायनशास्त्रज्ञाचा पहिला प्रश्न साधा असतो: याच्या रेणूचे वजन किती? वजन कळले की त्यात कार्बन किती, हायड्रोजन किती, ऑक्सिजन किती याचा हिशेब मांडता येतो आणि पुढचा सगळा शोध त्या हिशेबावर उभा राहतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर हे वजन सांगणारे यंत्र, मास स्पेक्ट्रोमीटर, मोठ्या प्रयोगशाळांत आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांत पोचले होते. पण कित्येक पदार्थांच्या बाबतीत ते नेमक्या या पहिल्याच प्रश्नाला उत्तर देत नसे. ग्लुकोजचे उदाहरण घ्या. त्याचा रेणूभार १८०. ग्लुकोजची वाफ त्या यंत्रात सोडली की ६०, ७३ अशा आकड्यांपाशी उंच रेघा उठत, आणि १८०पाशी कागद कोराच राही. रेणू तोलला जाण्याआधीच मोडलेला असे.

हे मोडणे टाळण्याची वाट रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सापडली नाही. ती ज्या माणसामुळे खुली झाली त्याला संयुगांच्या पृथक्करणात रस नव्हता. त्याला धातूच्या सुईचे टोक जवळून बघायचे होते. फील्ड आयनायझेशन मास स्पेक्ट्रोमेट्री या पद्धतीचा इतिहास म्हणूनच एका सुईचा इतिहास आहे. बर्लिनमध्ये तो सुरू होतो, अमेरिकेत वळण घेतो आणि जर्मनीतल्या बॉनमध्ये येऊन स्थिरावतो.

मास स्पेक्ट्रोमीटरचे मूळ मात्र केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत आहे. जे. जे. थॉमसन तेथे विरळ वायूतून वीज सोडून धनभारित कणांचे झोत तयार करीत, ते विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून वळवीत आणि फोटोच्या काचेवर टिपून घेत. हलका कण जास्त वळतो, जड कण कमी. त्यामुळे प्रत्येक वजनाची वक्ररेषा काचेवर वेगळी उमटते. १९१२-१३ च्या सुमारास निऑन वायूच्या अशा दोन रेषा त्यांना मिळाल्या, एक २० वजनाची आणि एक २२ची. एकाच मूलद्रव्याचे दोन वजनांचे अणू असतात, याचा स्थिर मूलद्रव्यातला तो पहिला पुरावा. १९१३ साली लिहिलेल्या पुस्तकात थॉमसन यांनी रसायनशास्त्रज्ञांना ही पद्धत वापरण्याचा आग्रह केला. नमुना अगदी कणभर पुरतो आणि तो शुद्ध असण्याचीही गरज नाही, हे त्यांचे म्हणणे आजही खरे आहे. त्यांचे सहकारी फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९मध्ये अधिक अचूक यंत्र बांधले आणि १९२२चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवले. तरी रसायनशास्त्रज्ञ जवळजवळ तीस वर्षे या यंत्राकडे फिरकले नाहीत. त्यांना तिकडे ओढले ते दुसऱ्या महायुद्धाने आणि पेट्रोलने. विमानांसाठी लागणाऱ्या इंधनात कोणते हायड्रोकार्बन किती आहेत हे तासाभरात कळणे गरजेचे झाले, आणि १९४३मध्ये अमेरिकेच्या कन्सॉलिडेटेड इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनने विक्रीसाठी बनवलेला आपला पहिला मास स्पेक्ट्रोमीटर ॲटलांटिक रिफायनिंग कंपनीला दिला.

या यंत्रांत रेणूला विद्युतभार देण्याची रीत एकच होती. तापलेल्या तारेतून निघणारे इलेक्ट्रॉन रेणूंच्या वाफेवर सोडायचे. शिकागोत आर्थर डेम्पस्टर यांनी १९१८मध्ये ती सुरू केली, मिनेसोटात आल्फ्रेड नीर यांनी पुढे तिला पक्के रूप दिले. इलेक्ट्रॉन आदळला की रेणूतला एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो आणि उरतो धनभारित रेणू, म्हणजे आयन. आता ऊर्जेचा हिशेब पाहा. बहुतेक सेंद्रिय रेणूंतून एक इलेक्ट्रॉन काढायला ८ ते १२ इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात. आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा मात्र ७० इलेक्ट्रॉन व्होल्ट ठेवलेली असते. जास्तीच्या ऊर्जेपैकी काही भाग रेणूत राहतो, आणि कार्बन-कार्बन बंध तुटायला साडेतीन इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास ऊर्जा पुरते. मग रेणू फुटतो. तुकड्यांवरून मूळ रेणू ओळखण्याची कला रसायनशास्त्रज्ञांनी पुढे फार उंचीला नेली. डाऊ कंपनीत फ्रेड मॅकलॅफर्टी, एमआयटीत क्लाउस बीमान, स्टॅनफर्डमध्ये कार्ल जेरासी यांनी त्यावर आयुष्ये घालवली. तुकड्यांच्या रेघांचा नमुना हा पदार्थाचा ठसाच असतो, आणि त्याची किंमत कोणी नाकारत नाही. पण सगळ्या खापऱ्या समोर असूनही माठ केवढा होता हे सांगता येत नाही, अशी गत अनेकदा होई. साखर, अल्कोहोल, फांद्या फुटलेल्या लांब कार्बनसाखळ्या यांच्या बाबतीत तर हमखास. आणि नमुना मिश्रणाचा असेल तर कोणता तुकडा कोणाचा हेही कळत नसे.

सुईची गोष्ट इथून सुरू होते.

एर्विन म्युलर यांचा जन्म १९११ साली बर्लिनमध्ये झाला. तेथील तंत्रविद्यापीठात गुस्ताव हेर्ट्‌झ यांच्या हाताखाली शिकून ते सीमेन्सच्या संशोधन प्रयोगशाळेत गेले आणि १९३६मध्ये त्यांनी फील्ड एमिशन मायक्रोस्कोप बनवला. रचना आश्चर्य वाटावे इतकी सोपी. हवा काढून घेतलेल्या काचेच्या फुग्यात टंगस्टनची सुई, समोर चकाकणारा पडदा. सुईला हजारो व्होल्टचा ऋण दाब दिला की तिच्या टोकातून इलेक्ट्रॉन बाहेर खेचले जातात, सरळ रेषेत पसरत पडद्यावर पोचतात आणि टोकाची लाखो पटींनी वाढवलेली प्रतिमा तेथे उमटते. भिंग नाही, चुंबक नाही. सगळी करामत टोकाच्या अणकुचीदारपणाची. वक्रता जितकी तीव्र तितके तेथले विद्युत क्षेत्र प्रचंड, म्हणून काही हजार व्होल्टमध्येही टोकापाशी सेंटिमीटरला कोट्यवधी व्होल्टचे क्षेत्र मिळते.

१९४१मध्ये म्युलर यांनी दाब उलटा केला. सुई धन झाली, आणि तिच्यावर बसवलेले बेरियमचे अणू आयन होऊन उडून जाताना दिसले. युद्धानंतर, बर्लिनमधल्या डालेम भागातल्या संस्थेत काम करताना, १९५१मध्ये त्यांनी फुग्यात थोडा हायड्रोजन सोडला. धन सुईच्या टोकापाशी हायड्रोजनचे आयन तयार होऊन पडद्याकडे धावू लागले आणि आधीपेक्षा कितीतरी स्पष्ट प्रतिमा मिळाली. हाच फील्ड आयन मायक्रोस्कोप. पुढच्या वर्षी म्युलर अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात गेले, आणि तेथे त्यांना भारतातून आलेला एक संशोधक विद्यार्थी मिळाला: कंवर बहादूर.

बहादूर यांच्याविषयी भारतातल्या पाठ्यपुस्तकांत फारसे काही सापडत नाही, आणि हे खरोखर लाजिरवाणे आहे. सुई द्रव नायट्रोजनच्या तापमानापर्यंत थंड करायची आणि हायड्रोजनऐवजी हेलियम वापरायचा, या मार्गाने म्युलर आणि बहादूर यांनी ११ ऑक्टोबर १९५५ रोजी टंगस्टनच्या टोकावरचे सुटे सुटे अणू पडद्यावर पाहिले. माणसाने अणू डोळ्यांसमोर आणला तो हा दिवस. दोघांनी मिळून ‘फिजिकल रिव्ह्यू’त १९५६मध्ये लिहिलेला निबंध धातूच्या पृष्ठभागापाशी वायूंचे आयनीभवन कसे होते याविषयी होता. अणू दिसण्याचे कौतुक झाले. पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्या निबंधातला आयनीभवनाचा भागच अधिक मोलाचा होता.

धन सुईपाशी वायूचा रेणू आला की त्याचे नेमके काय होते? याचे उत्तर पुंज यांत्रिकीत आहे. रेणूतला इलेक्ट्रॉन एका ऊर्जेच्या खड्ड्यात अडकलेला असतो. बाहेर पडायचे तर खड्ड्याचा काठ ओलांडायला हवा. बाहेरून जबरदस्त विद्युत क्षेत्र लावले की एका बाजूचा काठ खचतो आणि पातळ होतो. मग काठ न चढता इलेक्ट्रॉन त्यातून आरपार निघून धातूत शिरू शकतो. हायड्रोजनच्या अणूसाठी हे गणित रॉबर्ट ओपेनहायमर यांनी १९२८मध्येच केले होते, अणुबाँबशी त्यांचे नाव जोडले जाण्याच्या कितीतरी आधी. त्यासाठी लागणारे क्षेत्र सेंटिमीटरला १ ते १० कोटी व्होल्ट इतके. नेहमीच्या हवेत सेंटिमीटरला ३० हजार व्होल्ट झाले तरी ठिणगी पडते. म्हणून पोकळी उत्तम हवी आणि टोक अतिसूक्ष्म.

या प्रक्रियेत रेणूवर काहीच आदळत नाही, आणि रसायनशास्त्रज्ञाला हवे ते नेमके हेच आहे. इलेक्ट्रॉन अलगद निघून जातो, जास्तीची ऊर्जा रेणूला जवळजवळ मिळतच नाही, आणि धन झालेला रेणू धन सुईपासून लगेच दूर लोटला जातो. त्या तीव्र क्षेत्रात तो सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाइतकाच काय तो थांबतो. फुटायला त्याच्याकडे ना ऊर्जा असते ना वेळ.

पण हे तेव्हा कोणालाच पुरते उलगडलेले नव्हते. म्युलर यांची सुरुवातीची समजूत अशी की हायड्रोजन आधी धातूला चिकटतो आणि मग तेथून आयन होऊन सुटतो. शिकागो विद्यापीठात मार्क इनग्रम आणि रॉबर्ट गोमर यांनी याचा छडा लावायचे ठरवले. गोमर यांचा जन्म व्हिएन्नाचा, विषय धातूंचे पृष्ठभाग. इनग्रम हे मास स्पेक्ट्रोमीटरचे उस्ताद. पृथ्वीचे वय साडेचार अब्ज वर्षांहून थोडे अधिक आहे हे क्लेअर पॅटरसन यांनी १९५३मध्ये काढले ते इनग्रम यांच्याच यंत्रावर अशनीतले शिसे मोजून. सुईतून निघणारे आयन पडद्यावर न पाडता मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडायचे आणि ते कोण आहेत हे विचारायचे, अशी या दोघांची कल्पना. १९५४मध्ये त्यांनी दाखवले की हायड्रोजनचे आयन पृष्ठभागावर नव्हे तर टोकाच्या किंचित पुढे, वायूतच जन्मतात. मग त्यांनी इतर वायू आणि काही सेंद्रिय पदार्थांच्या वाफाही त्यात सोडून पाहिल्या. अखंड रेणूचे आयन ठळक दिसत होते, तुकडे थोडके. १९५५मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी या पद्धतीचा मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी उपयोग सुचवला. भौतिकशास्त्रातली एक शंका फेडताना रसायनशास्त्राला नवे साधन मिळाले ते असे.

साधन मिळाले, पण ते वापरण्याजोगे नव्हते. एका सुईच्या टोकाचे क्षेत्रफळ ते केवढे! आयन मूठभर, तेही रुंद पसरणारे. यंत्राच्या बारीक फटीतून त्यांतले थोडेच आत जात. शिवाय एक ठिणगी पडली की टोक वितळून गेले. अमेरिकेतल्या दोघांचे मन पुढे आपापल्या मूळ विषयांकडे वळले.

ते काम उचलले हान्स-डीटर बेकी यांनी, बॉन विद्यापीठाच्या भौतिक रसायनशास्त्राच्या संस्थेत. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सुरुवात केली आणि पुढची दोन दशके तेच केले. या पद्धतीविषयी आज जे काही वापरले जाते त्यातला बहुतेक भाग बॉनचा आहे. आयनांचा प्रवाह वाढवायचा म्हणजे टोके वाढवायची, हे त्यांनी ओळखले. सुईऐवजी जाडीने दोन-तीन मायक्रोमीटरची प्लॅटिनमची तार ताणून पाहिली. धारदार कडा वापरून पाहिल्या. या काळात दाढीचे ब्लेडसुद्धा आयन काढण्यासाठी वापरले गेले. ब्लेडची धार उघड्या डोळ्यांना सलग दिसते, पण प्रत्यक्षात तिच्यावर असंख्य सूक्ष्म कंगोरे असतात आणि प्रत्येक कंगोरा एका सुईचे काम करतो.

मग एक विलक्षण गोष्ट लक्षात आली. सेंद्रिय वाफेत तीव्र क्षेत्र लावून ठेवले की तारेवर आपोआप कार्बनच्या सुया उगवतात. आधी ॲसिटोनच्या वाफेत त्या वाढवल्या जात, आणि त्याला फार वेळ लागे. पुढे बॉनच्या गटाने बेंझोनायट्राइल वापरून, तार तापवून ठेवून हे काम करण्याची रीत बसवली. दहा मायक्रोमीटर जाडीची टंगस्टनची तार, म्हणजे डोक्याच्या केसाच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतकी, दोन खुंट्यांमध्ये जोडायची. बेंझोनायट्राइलच्या वाफेत ती लालबुंद तापवायची, दहा हजार व्होल्टच्या आसपास दाब द्यायचा आणि काही तास वाट बघायची. तारेभोवती कार्बनच्या सूक्ष्म सुयांचे दाट रान उभे राहते. प्रत्येक सुई काही दशक मायक्रोमीटर लांब, टोके त्याहून कितीतरी बारीक. अशा तारेला एमिटर म्हणतात.

एमिटर बनवणे हा या क्षेत्रातला खरा कसब लागणारा धंदा. वाफेचा दाब किंचित चुकला तर सुया खुरट्या राहतात, तापमान चुकले तर जाड होतात. दोन एमिटर तंतोतंत सारखे निघत नाहीत. चिमट्याचा धक्का लागला तर तार तुटते. यंत्रात ती समोरच्या ऋण पट्टीपासून दोनेक मिलिमीटरवर बसते, दोघांमध्ये दहा-बारा हजार व्होल्ट. नमुन्याची वाफ जरा जास्त आली की ठिणगी उडते आणि काही तासांचे काम एका क्षणात राख होते. ज्या प्रयोगशाळेत हे कसब असलेला एखादा तंत्रज्ञ होता तेथे पद्धत चालली, जेथे नव्हता तेथे यंत्राचा तो भाग कपाटात गेला. शोधनिबंधांत या माणसांची नावे क्वचितच येतात, आणि विज्ञानाच्या इतिहासात हा अन्याय नवा नाही.

पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातही १९७०च्या दशकात म्युलर यांच्या मूळ परंपरेतले, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टंगस्टन सुईचे काम चालू होते. टोकावर सिलिकॉनचा थर चढवून त्याचा परिणाम अभ्यासलेले तेथले निबंध ब्रिटिश नियतकालिकांत छापून आले. सुई घासून नव्हे तर रासायनिक द्रावणात झिजवून टोक काढणे आणि उच्च निर्वात टिकवणे, ही त्या कामातली कौशल्येही याच जातीची.

बेकी यांच्या कामाचा सर्वांत मोठा टप्पा १९६९चा. तोवर एक अडचण कायम होती. नमुन्याची आधी वाफ करावी लागे. ग्लुकोजसारखा पदार्थ तापवला की वाफ होण्याआधीच करपू लागतो, मग आयनीभवन कितीही अलगद असले तरी काय उपयोग? बेकी यांनी नमुना द्रावणात विरघळवला, एमिटरची तार त्या द्रावणात बुडवून काढली, द्रावक उडून जाऊ दिला आणि तार यंत्रात बसवली. आता रेणू सुयांच्या रानातच बसलेले होते. तारेतून थोडा प्रवाह सोडून ती जराशी कोमट केली की ते तेथूनच आयन होऊन सुटले. या फील्ड डिसॉर्प्शन पद्धतीने घेतलेल्या ग्लुकोजच्या आलेखात अखंड रेणूची रेघ, १८० आणि एक हायड्रोजन चिकटलेली १८१, सर्वांत ठळक होती आणि तुकडे नावापुरते. इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने मिळालेला आलेख, फील्ड आयनायझेशनचा आलेख आणि हा तिसरा, असे तिन्ही एकाखाली एक छापलेले चित्र मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या पुस्तकांत आजही येते. शिकवण्यासाठी त्याहून चांगले चित्र शोधून सापडणार नाही.

त्यानंतरची दहा वर्षे या पद्धतीच्या वैभवाची. ब्रेमेनच्या व्हेरियन मॅट कंपनीने आणि जपानच्या जिओल कंपनीने ती बसवलेली यंत्रे विकायला काढली. बेकी यांचे सहकारी हान्स-रोल्फ शुल्टेन यांनी कर्करोगावरच्या सायक्लोफॉस्फामाइड या औषधाचे शरीरात काय होते याचा मागोवा तिच्या मदतीने घेतला. पीटर डेरिक यांनी तिचा आणखी वेगळाच उपयोग केला. आयन सुईपासून दूर जाताना कुठे फुटला यावरून तो केव्हा फुटला हे काढता येते, कारण अंतर आणि वेग माहीत असतो. त्यामुळे जन्मल्यापासून सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागात रेणूमध्ये काय घडते याची मोजदाद करता आली, तीही अतिवेगवान लेझरचे युग सुरू होण्याआधी. बेकी यांची दोन पुस्तके, १९७१चे आणि १९७७चे, या विषयाचे आधारग्रंथ ठरली. म्युलर यांचे १९७७मध्येच निधन झाले. त्याआधी, १९६७मध्ये, त्यांनी सुईच्या टोकावरचा निवडलेला एकेक अणू उपटून त्याचे वजन करणारा ॲटम प्रोब बनवला होता. नोबेल त्यांना मिळाले नाही.

१९७३च्या तेलसंकटाने या पद्धतीला मोठे मैदान मिळवून दिले. अमेरिकेत कोळशापासून द्रव इंधन बनवण्याचे प्रयत्न जोरात सुरू झाले. कोळशाच्या त्या द्रवात हजारो संयुगे असतात. इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने त्यांचे तुकडे केले तर हाती गोंधळाशिवाय काही लागत नाही. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सेंट जॉन, बटरिल आणि आनबार यांनी फील्ड आयनायझेशन लावून एका संयुगाची एकच रेघ मिळवली; मिश्रणात कोणत्या वजनाचे रेणू किती, याचा नकाशाच तयार झाला. पुढे त्याच संस्थेत रिपुदमन मल्होत्रा यांनी कोळसा आणि खनिज तेलाच्या जड भागांवर हे काम वर्षानुवर्षे चालवले.

तेलाच्या बाबतीत ही पद्धत का उपयोगी पडली हे डिझेलच्या एका रेणूवरून समजते. डिझेलची प्रत ज्या सीटेन अंकाने सांगतात ते सीटेन म्हणजे सोळा कार्बनची सरळ साखळी, रेणूभार २२६. इलेक्ट्रॉनच्या माऱ्यात तिच्या आलेखावर ४३, ५७, ७१ अशा तुकड्यांची गर्दी होते आणि २२६ची रेघ जेमतेम दिसते. चौदा कार्बनची साखळी घ्या किंवा अठराची, तुकडे तेच. डिझेलमध्ये या सगळ्या साखळ्या एकत्र असतात. फील्ड आयनायझेशनमध्ये सीटेनची २२६ची रेघच काय ती ठळक येते, शेजारच्या साखळीची तिच्यापासून १४ आकडे दूर. एक कार्बन, दोन हायड्रोजन. आलेखावरच्या रेघा पायऱ्यांसारख्या चढत जातात आणि मोजणी सोपी होते. तरी एक गाठ उरते. नऊ कार्बनचे नोनेन आणि दहा कार्बनचे नॅफ्थलीन, म्हणजे डांबराच्या गोळीतले रसायन, दोघांचेही वजन पूर्णांकात १२८. बारीक मोजले तर एकाचे १२८.१५७ आणि दुसऱ्याचे १२८.०६३. इतका फरक ओळखणारे उड्डाणकालावर चालणारे मास स्पेक्ट्रोमीटर आणि त्याआधी मिश्रण वेगळे करणारी गॅस क्रोमॅटोग्राफी, यांची फील्ड आयनायझेशनशी जोडणी २०००च्या सुमारास झाली आणि मोठ्या तेल कंपन्यांच्या संशोधन विभागांनी ती उचलली.

शुल्टेन यांनी मात्र तेल सोडून मातीकडे मोर्चा वळवला. जमिनीतला ह्यूमस, म्हणजे पालापाचोळा, मुळे, शेणखत कुजून उरलेले काळे सेंद्रिय द्रव्य, शेतीचा प्राण आहे. पण त्याची रासायनिक घडण समजणे फार अवघड. काही मिलिग्रॅम माती निर्वातात हळूहळू काही शे अंशांपर्यंत तापवायची, सुटणाऱ्या रेणूंचे तेथल्या तेथे फील्ड आयनायझेशन करायचे आणि कोणत्या तापमानाला काय सुटले याची नोंद घ्यायची, ही रीत त्यांनी वाढवली. दीर्घकाळ शेणखत घातलेल्या जमिनीतल्या सेंद्रिय द्रव्यावरचा पीटर लाइनवेबर यांच्याबरोबरचा त्यांचा अभ्यास १९९१चा. कॅनडाच्या मॉरिस श्निट्झर यांच्याबरोबर त्यांनी १९९३मध्ये ह्यूमिक द्रव्यांच्या रचनेचा जो आराखडा मांडला त्यावर मृदाशास्त्रज्ञांत पुढे बराच वाद झाला, आणि अनेकांनी एकच एक मोठा ह्यूमिक रेणू असतो ही कल्पना सोडून दिली. आराखडा टिकला नाही, पण मातीतून सुटणारे शेकडो रेणू न मोडता ओळखण्याची ती पद्धत टिकली. जर्मनीतल्या रोस्टॉक विद्यापीठात लाइनवेबर यांनी ती पुढे चालवली.

दरम्यान मुख्य प्रवाह निघून गेला होता. १९६६मध्येच टेक्ससमधल्या एस्सोच्या प्रयोगशाळेत मनसन आणि फील्ड यांनी रासायनिक आयनीभवनाची सोपी रीत काढली होती. १९८१मध्ये मँचेस्टरच्या मायकेल बार्बर यांनी वेगवान अणूंचा मारा करून प्रथिनांसारख्या न उडणाऱ्या रेणूंचे आयन मिळवले. त्यासाठी तासन्‌तास सुया वाढवायची गरज नव्हती. त्याच दशकात जॉन फेन यांचा इलेक्ट्रोस्प्रे आला, जर्मनीत कारास आणि हिलेनकांप यांची लेझरची पद्धत आली, जपानात कोइची तानाका यांनी लेझरने प्रथिनांचे रेणू उडवून दाखवले. फेन आणि तानाका यांना २००२चे नोबेल मिळाले. जैवरसायनशास्त्रज्ञांनी बॉनच्या तारेकडे पाठ फिरवली, आणि त्यांच्या बाजूने ते योग्यच होते. फील्ड आयनायझेशनची संवेदनशीलता इलेक्ट्रॉनच्या माऱ्यापेक्षा कितीतरी कमी. तुकडे नाहीत म्हणजे रचनेचा पत्ताही नाही. एमिटर नाजूक. या उणिवा खऱ्या होत्या आणि आजही आहेत.

तरीही एक गोष्ट या नव्या पद्धतींना साधली नाही. इलेक्ट्रोस्प्रेला असा रेणू लागतो ज्याला प्रोटॉन धरून ठेवता येईल, ज्याच्यात नायट्रोजन किंवा ऑक्सिजनसारखा एखादा हात असेल. सीटेनसारख्या पॅराफिन साखळीला असा हातच नाही. तिच्यात कार्बन आणि हायड्रोजन यांशिवाय काही नाही, कशालाच ती चिकटत नाही. अशा रेणूला भार द्यायचा तर त्याच्यातला इलेक्ट्रॉन काढून घेणे हाच मार्ग, आणि तो आपटून काढला तर साखळी तुटते. हीच गोष्ट हवा लागताच बिघडणाऱ्या धातू-सेंद्रिय संयुगांची. पाण्याच्या किंवा अल्कोहोलच्या फवाऱ्यात त्यांचा निभाव लागत नाही.

२००४मध्ये जर्मनीतल्या बर्नहार्ड लिंडेन यांनी या शेवटच्या अडचणीवर तोडगा प्रसिद्ध केला. केसासारखी बारीक काचनळी बाहेरच्या बंद बाटलीतून थेट यंत्रातल्या एमिटरपर्यंत नेली. नमुन्याचे द्रावण निर्वाताच्या ओढीनेच आत येते आणि सुयांवर पसरते. हवेचा स्पर्श होत नाही, तार बाहेर काढून बुडवावी लागत नाही, एमिटर जास्त दिवस टिकतो. उत्प्रेरक बनवणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांना हे वरदान ठरले. ज्या संयुगांचा रेणूभार त्यांनी कागदावरच्या सूत्रावरून गृहीत धरलेला असे तो आता मोजून मिळू लागला.

एम.एस्सी.च्या वर्गात ही पद्धत आजही बहुधा एका ओळीत उरकली जाते: सौम्य आयनीभवन, अखंड रेणूची रेघ, पुढचा मुद्दा. शिक्षकांनी त्या ओळीपाशी एक तास थांबावे. ग्लुकोजचे तीन आलेख फळ्यावर काढावेत, सीटेनचे दोन काढावेत, आणि ११ ऑक्टोबर १९५५ला सुईसमोर म्युलर यांच्या शेजारी कंवर बहादूर उभे होते हे विद्यार्थ्यांना सांगावे. नवी साधने अधिक चपळ आहेत, अधिक संवेदनशील आहेत. पण डिझेलमधली पॅराफिन साखळी न तोडता तोलायची असेल तर दहा मायक्रोमीटरची ती तार आणि तिच्यावरच्या कार्बनच्या सुया यांच्या तोडीचे साधन आजही क्वचितच सापडते.